उभा काटा

१२ मार्च

टेस्टिंगचा दाबाचा मीटर बदलला. जुना किलोचा होता, शून्य ते बारा. नवा मेगापास्कलचा, शून्य ते अडीच. आमच्या हवेच्या टाक्या सहा किलोवर तपासतात, म्हणजे ०.५८८. पुन्हा पुन्हा गुणून पाहिलं. भिंतीवर ठळक लिहिलं — ६ किलो = ०.५९. झिपरू ऑपरेटर हसला. “ताई, तुम्ही शाळा काढा. मी इतक्या टाक्या फुगवल्या, एक फुटली नाही.”

असं गुणणं मला शाळेआधीच येत होतं. अण्णांनी घरी पाटीवर शिकवलं. रिटायर होईपर्यंत ते याच टेस्टिंगवर होते.

१४ मार्च

नव्या मीटरवरची पहिलीच टाकी फुटली. आवाज कानाला नाही, छातीत लागला. तळाची ताटली उडाली आणि झिपरूचा हेल्पर चिंधा, त्याचा हात खांद्यापासून तोडून छपरात रुतली. चिंधा उभाच होता, हात कुठे गेला ते शोधत. मग कोसळला. भिंतीवरच्या माझ्या आकड्यांवर रक्त उडालंय.

आकडा माझा चुकला का?

१५ मार्च

चिंधा गेला.

सहा गुणिले ०.०९८०७. बरोबरच येतं! पण मी पुन्हा गुणतेच आहे.

मॅनेजर अविनाश सर म्हणाले, “तुझा आकडा अचूक आहे, घाबरतेस कशाला? ऑपरेटरने वाचला नाही, एवढं अपघाताच्या रिपोर्टात लिही आणि सही कर. पोलीस पुढचं बघतील.” मी उद्या करते म्हटलं.

१६ मार्च

आमलीत, कामगारांच्या चाळीत, चिंधाच्या भावांनी झिपरूला खोलीतून फरफटत बाहेर काढलं. लोखंडी पाइपने मारलं. गुडघा फोडला, दात पाडले. माणसं गॅलरीतून बघत होती. कोणीतरी ओरडत होतं, “मार, हाच तो.”

सही अजून केलेली नाही.

१७ मार्च

दवाखान्यात गेले. झिपरूचं तोंड सुजलंय, शब्द कसेबसे येतात. विचारलं, भाऊ, आकडा का नाही वाचला? म्हणाला, “आकडा कोण वाचस ताई? काटा उभा व्हयना का बंद.”

जुन्या मीटरवर काटा सरळ उभा राहिला की सहा किलो. नव्यावर उभा काटा म्हणजे सव्वा मेगापास्कल — पावणेतेरा किलो! दुपटीहून जास्त. मी आकडे बदलले, काटा कुठे उभा राहील ते पाहिलंच नाही.

कोणी शिकवलं असं, म्हटलं. “सुधाकरअण्णांनी. तुमनाच बाप ना ताई.”

मला पाटीवर आकडे शिकवले, ऑपरेटरांना उभा काटा.

१८ मार्च

अण्णांना सगळं सांगितलं. जेवले नाहीत. आता इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी बसलेत. “सही करू नकोस. आधी मला आमलीला ने, चिंधाच्या भावांकडे. पाइप अजून त्यांच्याकडेच असेल.”

चप्पल घालते.