वाचायला आणलेले बाबा

प्रिय केइगो,

कुशिरोमधल्या बदलीची मुदत आणखी तीन वर्षं वाढवायला हो म्हणू का, हे तू विचारलंस त्याला बारा दिवस झाले. दहा तारखेच्या आत कंपनीला कळवायचंय, हेही माझ्या लक्षात आहे. फोनवर मी दोनदा विषय टाळला. मनातलं मला तोंडाने धड सांगता येत नाही, हे तुला लग्नाआधीपासून माहीत आहे. म्हणून लिहायला बसले, आणि नेहमीसारखी सुरुवात नागीपासूनच करते.

तुझी लेक ठणठणीत आहे आणि पुस्तकांचा नुसता फडशा पाडते आहे. वाचनालयाला 'तोशोकान' न म्हणता अजून 'तोचोकान'च म्हणते. 'श' काही जिभेवर बसत नाही. सध्या एका अस्वलाचं पुस्तक चालू आहे. त्याचा बूट हरवतो, एवढीच गोष्ट. पण बूट सापडला की बाईसाहेब टाळ्या वाजवतात आणि लगेच हुकूम सुटतो, "परत!" काल सात वेळा वाचलं. कंटाळून मी एक ओळ गाळली, तर म्हणाली, "आई, अस्वलाला भूक लागायची राहिली." तुझी मोजण्याची शिकवणी मात्र पार वाया गेली. "माणसं मोजताना निन म्हणायचं, मांजरं मोजताना हिकी" असं तू फोनवर घोकून घेतलंस, ती "हो, हो" म्हणाली, आणि फोन ठेवल्याबरोबर खिडकीशी जाऊन ओरडली, "दोन सात्सु मांजरं!" पुस्तकं मोजायचा शब्द आधी शिकली, तोच तिने सगळ्या जगाला लावलाय. मी तिला सुधारत नाही. मला ते फार आवडतं.

गेल्या आठवड्यात बालवाडीतल्या बाईंनी तिला घरी किती जण असतात म्हणून विचारलं. हिने ऐटीत सांगितलं, "दोन सात्सु. आई आणि मी." बाई म्हणाल्या, "अगं, आणि बाबा?" तर म्हणे, "बाबा आमचे नाहीत. ते वाचायला आणतो. मग परत द्यायचे." बाईंनी हे मला दारातच सांगितलं. आम्ही दोघी खूप हसलो. सायकलवर घरी येताना मात्र माझे डोळे भरून आले. तिचं चुकलं तरी काय? तू येतोस, दोन दिवस राहतोस, ठरल्या तारखेला जातोस. शनिवारी तिने टाचा उंच करून वाचनालयातल्या मियाकेबाईंना विचारलं, "बाबांची तारीख वाढवून मिळेल का?" त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी मागितलं नसेल तर मिळते हं." नागीने जरा विचार केला आणि सांगितलं, "कंपनीने मागितलंय."

तीन वर्षांनी ती सात वर्षांची होईल. तोवर तिचं बोलणं सरळ झालेलं असेल, आणि तू ते फक्त माझ्या पत्रांत वाचलेलं असशील. 'नाही म्हण' असं मी दोनदा लिहिलं आणि फाडलं, कारण तिथलं काम तुला किती आवडतं हे मला ठाऊक आहे. म्हणून आज सकाळी बेकरीच्या मालकांना सांगून आले की मार्चअखेर काम सोडते. तू कंपनीला हो कळव. फक्त ती एक खोली सोड आणि जरा मोठं घर बघ. आम्ही दोघी कुशिरोला येतोय, राहायला.

तुझीच,
सायोरी