घेतला म्हन, मंग घे

बाबा, आपल्या पोट्ट्या तीन मॅच खेळल्या आणि तिन्ही हरल्या. आपल्या म्हणजे कोणाच्या, असं विचारू नका. अमरावतीच्या, आणखी कोणाच्या! लग्न करून अकोल्यात आले, इथंच केस पिकले, सुना आल्या, तरी पेपरात अमरावती दिसलं की मी आधी चष्मा शोधते. या हिवाळ्यात दिसलं ते भलतंच होतं. विदर्भातल्या मुलींच्या संघांची बेसबॉल स्पर्धा, आणि अमरावतीचे पहिले सामने तुमच्याच मैदानावर, जिथं तुम्ही शाळेचे पीटी सर म्हणून आम्हा पोरींना उन्हात उभं करायचे. तेव्हा आमचा बॉल मोठा असायचा, त्याला आम्ही सॉफ्टबॉल म्हणायचो. पण गंमत तीच, मारा, पळा, आणि उंच गेलेला बॉल जमिनीला लागायच्या आत झेला. मी पेपर खाली ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. आमच्या ह्यांनी विचारलं, "काहून? अमरावतीत कोन मेलं?" म्हटलं, "कोनी नाई मेलं जी. मॅच हाय." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच काही झालं असावं.

बडनेऱ्याला उतरून ऑटोनं मैदानावर गेले. बाप्पा! आता प्रत्येक पोरीकडे स्वतःचा ग्लव्ह आहे. आमच्या वेळी दोन्ही संघांत मिळून एकच संच, डाव बदलला की घामानं ओले ग्लव्ह जमिनीवर ठेवून यायचे आणि समोरच्या पोरींनी ते उचलून घालायचे, आठवतं ना? ह्या पोट्ट्या दिसायलाच भारी. टोप्या, रंगीत मोजे, गुडघ्यापर्यंतच्या पँटी. पिचर तर अशी फेकते की मारणारीनं देवाचं नाव घ्यावं. मी पहिल्या अर्ध्या तासातच घसा बसवून घेतला. आणि मग एक बॉल उंच गेला. त्याच्या खाली दोघी धावत आल्या, एक चांदूर रेल्वेची, चांगली ढांगा टाकणारी, दुसरी तिवश्याची, काडीसारखी. दोघी पोचल्या, दोघी थांबल्या. चांदूरवाली म्हणते, "घे वं, घे!" तिवसेवाली हातानं खूण करते, तूच घे. आणि बॉल दोघींच्या मधे जमिनीवर. समोरच्यांच्या दोघी पळत घरी, म्हणजे मारायच्या जागेवर, परत आल्या आणि मॅच गेली.

दुसऱ्या मॅचमध्ये तेच झालं, तिसरीतही तेच. त्यांच्या मॅडमनं काही शिकवलं नव्हतं असं नाही. मॅडम तरुण, हुशार, मेहनती. तिनं शिकवलं होतं की झेलणारीनं "आय गॉट इट" म्हणून ओरडायचं. आता सांगा, एवढं वाक्य पुरं होईपर्यंत बॉल खाली येऊन लोळतो. आणि घाबरल्यावर इंग्रजी कोणाला आठवतं? घाबरल्यावर आपल्या पोरींच्या तोंडातून जन्माचं वळण बाहेर येतं, घे वं, घे नं, तू घे आधी. तिसऱ्या मॅचनंतर मी पायरीवर बसून एकटीच हसायला लागले. बाजूच्या बाईला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. मला हसू तुमचं येत होतं, बाबा. तुमचं आणि त्या वरणाचं.

रविवार आहे. आई वरणाचा गंज चुलीवरून उतरवून ठेवते आहे. मी आणि ताई भिंतीला पाठ लावून उभ्या, आणि तुम्ही दारात, हातात संत्रं. आदल्या दिवशी शाळेच्या मॅचमध्ये आम्हा दोघी बहिणींच्या मधे बॉल पडला होता, म्हणून ही घरची शिकवणी. तुम्ही संत्रं आढ्यापर्यंत उडवता. ताई म्हणते, "घे नं वं." मी म्हणते, "नाई, तू घे." संत्रं सरळ गंजात! आईच्या लुगड्यावर हळदीचे शिंतोडे, भिंतीवर शिंतोडे, तुमच्या चष्म्यावरही एक. "मास्तर, तुमची शाया शायेत भरवा," आई ओरडली. "आता हे वरन का तुमच्या पोट्ट्यायले पाजू?" तुम्ही चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला आणि आईला नाही, आम्हालाच रागे भरले. "पाहुने जेवाले बसले का घ्या, घ्या करते आपन. ते सैपाकघरात ठीक हाय. मैदानावर पाहुनचार नाई करत, बाई." मी मुसमुसायला लागले तसे तुम्ही खाली बसले आणि विचारलं, "आई हाक मारते तवा तू खाटेवरून काय म्हनते?" म्हटलं, "आली." "आली राह्यते काय? खाटेवरच राह्यते लोळत. पन आईले समजते का तू येऊन राहिली. तसंच बॉलचं. घेतला म्हन. घेतला नसला तरी म्हन. घेतला म्हन, मंग घे. एकदा तोंडातून गेलं का हात मांगून येते आपोआप." मग दुपारभर संत्री उडत राहिली. जी आधी ओरडेल तिनं खायचं. ते वरणही आपण जेवलो. जरा आंबटगोड लागलं, आणि तुम्ही आईला खूश करायला दुसऱ्यांदा मागून घेतलं.

तर तिसऱ्या हारीनंतर मी पायरीवरून उठले आणि सरळ त्या पोरींच्या घोळक्यात गेले. माहोल सुतकाचा होता. पुढच्या फेरीसाठी चारांत एक तरी जिंकायची होती. चौथी मॅच अकोल्याशी, अकोल्यात, आणि तीही हरल्या की स्पर्धेबाहेर. एवढंच नाही, संघ पाठवणाऱ्या क्रीडा मंडळाच्या लोकांनी मॅडमला आधीच सांगून ठेवलं होतं की या वर्षी पहिल्याच फेरीत घरी आल्या तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ उतरवायचा नाही. चांदूरवाली रडत होती. मी मॅडमला म्हटलं, मी कोण, माझे बाबा कोण होते, आणि एक शब्द सांगू का. मॅडम थकली होती बिचारी. म्हणाली, "काकू, तीन हरलोच आहोत. तुमचंही औषध करून पाहू." मी पिशवीतली संत्री काढली, ह्यांच्यासाठी घेतलेली, आणि गंजाची गोष्ट सांगितली. हसल्या पोट्ट्या! मग लागल्या उडवायला. घेतला! घेतला! चांदूरवालीचा आवाज तर थेट राजकमल चौकात गेला असेल. फक्त तिवसेवाली बोलेना. झेलायची सुरेख, मांजरीसारखी, पण तोंड बंद. मी विचारलं, काय झालं वं? खाली पाहून म्हणाली, "काकू, नाई घेता आला तं? मंग खोटं पडते नं बोलनं." मी म्हटलं, "पडू दे. तू मायले 'आली' म्हनते तवा किती खरी असते?" ती हसली, पण आवाज काही निघाला नाही.

मग अकोल्याची मॅच. मी रात्री नीट जेवले नाही, सकाळी चहात मीठ टाकलं. हे म्हणाले, "अवं, पोट्ट्या खेळून राह्यल्या का तू?" हे अकोल्याचे, म्हणून अकोल्याच्या लोकांत जाऊन बसले, टोपीबिपी घालून. मी उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन रेषेच्या अगदी कडेला बसले, अमरावतीहून आलेल्या चार आयांच्या सोबत. आणि बाबा, काय खेळल्या! बॉल वर गेला की घेतला! डावीकडे घेतला! मागं घेतला! एक बॉल पडेना. अकोल्याच्या पोरी चक्रावल्या, ह्यांना काय मंत्र दिला म्हणून. मॅडमनं माझ्याकडे वळून अंगठा दाखवला. मला तुम्ही पाहिजे होते हो. इतकं वाटलं की तुम्ही पाहिजे होते, पायरीवर, चष्मा पुसत. डोळ्यांत पाणी आलं ते शेंगांच्या मिठाच्या हातानं पुसलं, मग आणखी आलं.

शेवटचा डाव. आपण एका रननं पुढे. अकोल्याच्या दोघी आउट झालेल्या, दोघी बेसवर टपून उभ्या. आणखी एक आउट पाहिजे, बस एक. पिचर फेकते. मारणारीचा बॉल वाकडा लागतो आणि रेषेबाहेर उडतो, उंच, आमच्याच दिशेनं. रेषेबाहेरचा बॉलही झेलला तर आउट, हे तुमच्यामुळे मला झोपेतही माहीत आहे. आपली पहिल्या बेसवरची पोरगी टोपी उडवून धावत येते आहे, पोचणारच आहे, दोन ढांगा राहिल्या आहेत. आणि कोणीतरी ओरडतं, "घेतला!" अस्सल अमरावतीच्या आवाजात. पोरगी शिकवल्याप्रमाणे कचकन थांबते, दुसरीला वाट द्यायला. बॉल तिच्यासमोर धुळीत पडतो. सगळे वळून पाहतात, कोण ओरडलं? मी ओरडले होते, बाबा. मी.

माय वं! धरणी फाटेल तर बरं असं झालं. अंपायर येऊन म्हणाला, "आजी, तुम्ही खेळून राह्यल्या का?" मॅडमनं कपाळाला हात लावला. आणि अकोल्याच्या बाजूनं टाळ्या! माझ्यासाठी! त्यात आमचे हे उभं राहून सगळ्यांत जोरात, "सून कोनाची हाय! शेवटी सासरच्याच कामी आली!" मी तोंडात शेंगा कोंबल्या, सालासकट, आणि ठरवलं की आता जीव गेला तरी हूं की चूं करायचं नाही. पण खरी काळजी वेगळीच होती. आता "घेतला" ऐकलं तरी पोरींनी विश्वास कसा ठेवायचा? तुमचा चांगला चालता शब्द मी माझ्या हातानं खोटा पाडला होता.

पुढचा बॉल कडाडून लागला. मागं, उंच, सूर्याच्या बाजूला. त्याच्या खाली कोण? चांदूरवाली आणि तिवसेवाली. पुन्हा त्याच दोघी! बेसवरच्या दोघी घराकडे सुटल्या. ह्या दोघी धावत आहेत, जवळ येत आहेत, आणि कोणीच काही बोलत नाही. चांदूरवाली, जिचा आवाज चौकापर्यंत जातो, तिचं तोंड उघडं आणि आवाज नाही. तिला कळत नाही आहे आता काय म्हणायचं. मी शेंगा चावते आहे, माझे हात एकमेकांत रुतले आहेत. पडणार, बाबा, पुन्हा मधेच पडणार. आणि तेव्हा बारीक, चिरका, पहिल्यांदाच ऐकलेला आवाज आला, "घेतला!" तिवसेवाली! डोळे वर, बॉल अजून कुठच्या कुठे, आणि ही आधीच घेतला म्हणून मोकळी. चांदूरवाली जिथं होती तिथंच खाली बसली. तिवसेवाली तिच्या डोक्यावरून आली, ग्लव्ह पुढे, आणि पालथी पडली. क्षणभर काहीच कळेना. मग पडल्या पडल्या तिनं ग्लव्हचा हात वर केला. बॉल आत होता.

पुढे काय झालं ते मला सलग आठवत नाही. मी नाचले असं ह्यांचं म्हणणं आहे. शेंगा सगळ्या सांडलेल्या होत्या हे खरं. तिवसेवाली हनुवटी खरचटलेली, धुळीनं भरलेली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काकू, खोटं नाई पडलं." मी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. घरी येताना स्कूटर सिग्नलला थांबली तसे हे म्हणाले, "पोट्टी भल्ली खेळली बा. पुढची मॅच कवा हाय?" पुढची मॅच पुढच्या रविवारी आहे, अमरावतीला, आणि आता तिकिटं दोन काढायची आहेत.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. टाकलं तर पोस्टमन आपल्या जुन्या घरी नेईल, तिथं आता दुसरे लोक राहतात. ते बिचारे पाकीट हातात धरून तू उघड, तू उघड करत बसतील. संत्र्यांच्या पिशवीत ठेवते, रविवारी सोबत येईल. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मॅडमनं विचारलं, काकू, तुम्ही मधेच का ओरडल्या? मी म्हटलं, पोरीला सांगत होते, जुनी सवय, तोंडातून निघून गेलं. ह्यांनाही तेच सांगितलं. तसं नव्हतं, बाबा. मी कोणालाच सांगत नव्हते. बॉल माझ्याकडे येत होता. मांडीवरच्या शेंगा सांडून मी उठले होते, डावा हात पुढे केला होता, ग्लव्ह नाही, काही नाही. मला तो घ्यायचा होता.