शेंडीचे घर, केकचा डबा आणि चांगुणा

मी, गं. भा. छबूबाई श्रीमंत नवले, वय साठीच्या आसपास, धंदा केक करून विकणे, राहणार शेंडी, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डोळ्याला चष्मा आहे आणि गुडघे दुखतात, पण त्याचा या कागदाशी संबंध नाही. मला कोणी धाक दाखवलेला नाही की फूस लावलेली नाही. उलट दोघांनी हे लिहू नका म्हणून सांगितले. एक माझे धाकटे दीर बन्सी, आणि दुसरी माझी सून चांगुणा. दोघांची कारणे वेगळी होती. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

वरच्या ओळीत मालकांचे नाव आले आहे. आजवर ते मी तोंडाने घेतलेले नाही. कागदाला चालते, म्हणून लिहिले.

कलम एक. घर.

शेंडीत धरणाच्या रस्त्याला लागून माझे दोन खोल्यांचे कौलारू घर आहे, पुढे ओटा, मागे परडे. जागेचे खरेदीखत माझ्या नावाचे असून घर मी केक विकून बांधले. नवल्यांच्या वडिलोपार्जित जमिनीशी त्याचा संबंध नाही. ती जमीन बन्सी कसतात. तिच्यात माझा जो काही हक्क असेल तो मी या कागदाने सोडते.

हे घर माझ्यामागे माझी सून चांगुणा गहिनीनाथ नवले हिचे. तिने दुसरे लग्न केले तरी तिचे, न केले तरी तिचेच. आडनाव बदलले म्हणून तिला कोणी बाहेर काढू नये. या एवढ्यासाठी बाकीचा कागद आहे.

माझा मुलगा गहिनीनाथ चार पावसाळ्यांपूर्वी, श्रावणात, तीन दिवसांच्या तापाने गेला. मूलबाळ नव्हते. चांगुणा तेव्हा तेवीस वर्षांची होती. अकोल्याच्या वकिलांनी मला समजावले की कागद न करता मी गेले, आणि तोवर चांगुणाचे दुसरे लग्न झालेले असले, तर कायद्याने तिच्या हाती काही येणार नाही. घर मालकांच्या भावाकडे जाईल. मी विचारले, कागद केला तर? ते म्हणाले, बाई, तुमचे आहे, कोणालाही द्या. एवढे सोपे असेल असे वाटले नव्हते. येण्याजाण्यात दिवस गेला.

कलम दोन. केकचे सामान.

जाड बुडाचे मोठे पातेले, त्यातली वाळू, पत्र्याचे झाकण, केकचे तीन डबे आणि लांब चिमटा हे सगळे चांगुणाला. वाळू बदलू नये. ती नदीतली आहे आणि तापून तापून आता भुरभुरीत झाली आहे.

मालक धरणावरच्या बंगल्यात स्वयंपाकी होते. एकदा एका गोऱ्या साहेबाच्या बाईसाठी घोटीहून केळी मागवली होती. पावसात गाडी अडकली आणि केळी आली ती काळी ठिक्कर. मालक ती फेकायला निघाले, तर बाई म्हणाल्या, फेकू नका, आता कुठे ती कामाची झाली. हे त्या मराठीत म्हणाल्या की खुणांनी, ते मालकांनी मला कधी नीट सांगितले नाही. पण त्या दिवशी ते केक शिकले, आणि घरी येऊन त्यांनी मला शिकवला. ते गेल्यावर बंगल्यावरच्या पाहुण्यांना तोच मी करून विकू लागले.

वाचायलाही मी त्याच्यावरच शिकले. डब्याच्या बुडाला वर्तमानपत्राचा कागद तेल लावून घालायचा असतो. केक काढला की कागद सोलताना अक्षरे बघायची. पस्तिशी उलटली होती. आधी ‘सरकार’ हा शब्द वाचता आला, कारण तो प्रत्येक कागदावर असे.

कृती लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणी म्हणू नये की बाईने चोरून नेली.

चार काळी केळी. साल पूर्ण काळे, आत गर मऊ, देठाशी गोड वास. बुरशी आलेले नको. गर हाताने कुस्करावा. चहाचा एक कप साखर, अर्धा कप गोडेतेल आणि दोन अंडी फेटून त्यात घालावीत. दोन चमचे आंबट दही, एक लहान चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, दोन वेलदोडे. मग चाळलेला मैदा दोन कप. मैदा पडल्यावर दहा-बारा वेळाच हात फिरवावा. भाकरीच्या पिठासारखे मळले की केक चिवट होतो. पातेल्यात तीन बोटे वाळू तापवून तिच्यावर डबा ठेवावा, झाकणावर निखारे. खाली विस्तव कमी, वर जास्त. वास घरभर झाला की काडी घालून बघावी. ओले पीठ लागले तर कच्चा. चार कण चिकटले तर उतरवावा. काडी कोरडी येईपर्यंत थांबलात तर उशीर झाला. उतरवल्यावर डब्यावर ओले फडके घालावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कापू नये. कापायची घाई झाली की ओलावा वाफेबरोबर जातो.

पोस्टमास्तर रविकांत निसळ हा केक सहा वर्षे दर एकादशीला केळ्याचा पदार्थ म्हणून नेत आले. मी एकदा म्हटले, यात मैदा आहे. ते म्हणाले, केळ्यात मिसळला की तो केळ्याचाच. पुढचे त्यांनी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. आता वर लिहिले आहे.

कलम तीन. जाऊबाई.

बन्सींची बायको पुष्पावती हिला माझे तांब्याचे घंगाळ, दोन मोठी पातेली आणि जरीकाठी लुगडे. हे ती आवडीने वापरील.

ती माझ्याबद्दल सांगत असते की आक्काने केक शिकवताना एक जिन्नस लपवला, म्हणून माझा कोरडा होतो. मी काही लपवलेले नाही. पुष्पावती पिवळी केळी घेते. मी तिला हे तोंडावर सांगितले तेव्हा ती म्हणाली, “मी न्हाई बाई काळी केळी बाजारात हातात धरनार. लोक म्हनतील, नवल्यांच्या घरात गुरांचा घास खात्यात.”

मी म्हटले, “खाऊन बघणाऱ्याने आजवर असे म्हटलेले नाही.”

“खानाऱ्याला काय दिसतंय? बघनाऱ्याला दिसतंय.”

तर जिन्नस एवढाच आहे. राजूरच्या बाजारात चारचौघांसमोर वाकून काळी केळी वेचायची. ते तिच्याने होत नाही. त्यात तिचा दोष मोठा नाही, पण माझ्यावरचा आळ तिने मागे घ्यावा.

कलम चार. रंगनाथ.

हा संगमनेरकडून राजूरच्या बाजारात केळी आणतो. वय पस्तीस, बायको बाळंतपणात गेली, मागे कोणी नाही. गहिनीनाथ गेल्यावर वर्षभराने चांगुणा माझ्याऐवजी बाजाराला जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिने त्याच्या पाटीतली काळी केळी वेचली, तेव्हा तो म्हणाला, “बाई, म्हशीला नेता का?”

ती म्हणाली, “म्हशीला न्हाई, सायबाला.”

“सायेब असली खातो?”

“तुमी पिकवताय तशी खाईना, म्हनून थांबावं लागतंय.”

हे तिने मला घरी येऊन सांगितले आणि हसली. वर्षात पहिल्यांदा हसली, म्हणून मला लक्षात राहिले. पुढच्या बाजारापासून तो तिच्यासाठी काळी केळी वेगळी काढून पोत्याखाली झाकून ठेवू लागला. पैसे घ्यायला मागेना. मी निरोप पाठवला की फुकटची केळी या घरात यायची नाहीत. मग घेऊ लागला.

गेल्या दिवाळीनंतर तो स्वतः आला, ओट्यावर बसला, आणि बराच वेळ पावसापाण्याचे बोलल्यावर म्हणाला, “मावशी, मी तिला इचारलं. ती न्हाई म्हनली. तुमी रागावला असाल तर सांगा, मी राजूरचा बाजार सोडतो.”

मी म्हटले, बाजार सोडू नका, केळी कुठून आणायची?

तो गेल्यावर मी चांगुणाला विचारले. ती मैदा चाळत होती.

“रंगनाथला नको म्हणालीस?”

“म्हनले.”

“तो आवडत नाही का?”

तिच्या हातातली चाळण थांबली.

“मग का नाही म्हणालीस?”

“आत्याबाई, बन्सीतात्या काय म्हनत्यात ते ऐकलं न्हाई का? पाट लावायचा तर उंबरा सोडायचा, आन् आमच्या दारात लावायचा न्हाई. तुमास्नी एकलीला टाकून मी कुटं जाऊ? तुमी हायेत तवर तरी मी न्हाई.”

तेव्हा मी वकिलाकडे जायचे ठरवले. माघ लागेपर्यंत गुडघ्याने जाऊ दिले नाही.

रंगनाथने मला सांगितले आहे की लग्न झाले तर तो शेंडीत राहायला येईल. लोक त्याला घरजावई म्हणतील. त्याला ते चालणार आहे. त्याला मी या कागदाने काही देत नाही. त्याने मागितलेलेही नाही.

कलम पाच. दीर बन्सी.

मालकांचा बंगल्यावरचा पांढरा कोट, पितळी बटणांचा, बन्सींना. त्यांनी तो दोनदा मागितला होता आणि मी दोनदा नाही म्हटले होते.

गहिनीनाथच्या तेराव्याला पंगत उठल्यावर बन्सींनी माझ्या घराची लांबी पावलांनी मोजली. ओट्यापासून परड्यापर्यंत, हात मागे बांधून. मी चुलीपाशी बसून पाहिले. त्यावर आजवर बोलले नाही, येथे लिहून ठेवते.

दुसरेही लिहून ठेवते, म्हणजे एकच बाजू लिहिली असे होणार नाही. गहिनीनाथचा ताप वाढला तेव्हा ओढ्याला पूर होता आणि राजूरच्या दवाखान्याला जायची मोटार बंद होती. बन्सी त्याला पाठीशी बांधून कमरेइतक्या पाण्यात उतरले. माघारी आले. पुन्हा उतरले. दुसऱ्या वेळी पाणी छातीला लागले तेव्हा मीच काठावरून हाक मारून परत बोलावले. मी बोलावले नसते तर काय झाले असते, हे मला माहीत नाही. बन्सींनी त्यावरून मला कधी बोल लावला नाही.

कलम सहा. किरकोळ.

पोस्टाच्या पुस्तकात आहे त्यातून माझे दिवस करावेत, उरेल ते चांगुणाचे. ट्रंकेतली पुस्तके शेंडीच्या शाळेला. काहींची पाने तेलकट आहेत, वाचता येतात. गहिनीनाथची घोंगडी चांगुणाने वापरावी. जपून ठेवू नये, कसर लागते. माझा चष्मा ज्याच्या डोळ्याला लागेल त्याला.

कलम सात. हा कागद केव्हा वाचावा.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असे वकील म्हणाले. हे तसे नाही. हे आजच माझ्या ओट्यावर बन्सी, पुष्पावती, चांगुणा आणि रंगनाथ यांच्यासमोर मी स्वतः वाचून दाखवणार आहे. चांगुणा माझ्या मरणाची वाट बघत नाही. ती माझ्या मरणापर्यंत थांबून बसली आहे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण तिचे वय दोन्हींत सारखेच जाते. माझी प्रकृती चांगली आहे. मी आणखी पंधरा वर्षे जगले तर ती बेचाळीस वर्षांची होईल.

वाचून झाल्यावर तिने रंगनाथला होय म्हणावे की नाही, ते तिचे तिने बघावे. या कागदाने मी तिला नवरा देत नाही, घर देते. पण होय म्हणाली, तर लग्न याच घराच्या दारात, दिवसा, मांडव घालून व्हावे, जसे तिचे पहिले झाले होते. आणि माझ्या हयातीत व्हावे. दुसऱ्या गावात, लोकांच्या नजरेआड, चार माणसांत उरकलेले मला चालणार नाही.

साक्षीदारांबद्दल. एक पोस्टमास्तर आहेत. दुसरे बन्सींनी व्हावे अशी माझी इच्छा आहे. वकील म्हणाले, ज्याचे नुकसान होणार त्याचीच साक्ष घेता? मी म्हटले, त्यांचीच हवी. परक्याच्या साक्षीने चांगुणाला घर मिळेल, पण या दारात तिला ताठ मानेने राहायचे आहे. बन्सींनी नाही म्हटले तर त्यांच्यावर सक्ती करू नये. बंगल्याच्या चौकीदाराला बोलवावे.

हे सर्व मी लिहिले, वाचले, आणि मला मान्य आहे.

सही
छबूबाई श्रीमंत नवले
ठिकाण शेंडी, तारीख १८ फेब्रुवारी १९७१, गुरुवार

साक्षीदार १
बाईंनी माझ्यासमोर सही केली व मी त्यांच्यासमोर केली. एकादशीसंबंधीचा मजकूर ऐकला.
रविकांत नृसिंह निसळ, पोस्टमास्तर

साक्षीदार २
बन्सी मच्छिंद्र नवले, शेतकरी, राहणार शेंडी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा. पुढील मजकूर त्यांनी सांगितला तसा मी, रविकांत निसळ, याने लिहिला:
वैनीनं समदं वाचून दावलं, म्या ऐकलं. पटलं न्हाई, पन समजलं. चांगुनानं रंगनाथला व्हय म्हनलं, ते बी माझ्याम्होरंच. मांडवाचं बांबू आमच्या रानातनं न्यावं, इकत आनू नये.