कोबा फोडल्यावर

नारपोली, भिवंडी
२४ ऑगस्ट

प्रिय मेघाली,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकली असशील. घाबरू नकोस. आई बरी आहे, मीही बरा आहे, आणि आपल्या लूमच्या जागेत सापसंदाच्या वेलावर फुलपाखराच्या अकरा अळ्या आल्यात. खरं तर ही अळ्यांची बातमी सगळ्यात आधी लिहायची होती, पण तुझा जीव टांगणीला नको म्हणून खुशाली पुढे घेतली. काळपट तांबड्या, अंगभर मऊ लाल काटे, आणि मधोमध एक पांढरा पट्टा. सकाळपासून तीन वेळा मोजून आलो. अर्धा वेल त्यांनी फस्त केलाय आणि मी पंगतीत वाढप्यानं उभं राहावं तसा बाजूला उभा आहे, अजून काही हवंय का म्हणून. एक काल भिंतीला जाऊन चिकटली होती, आज तिचा कोश झाला. तू कॉलेजात हेच शिकवतेस, तुला नवल वाटणार नाही. मला मात्र हे त्रेसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं, आणि कोणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडेना.

लूम काढून टाकले एवढं आईनं तुला सांगितलं होतं. पुढचं तिनं नीट सांगितलं नसेल, कारण दोन वर्षं तिला स्वतःलाच ते पटलं नव्हतं. आठही लूम भंगारात गेले, शेडचे पत्रे उतरवले, आणि उरला नुसता सिमेंटचा कोबा आणि तीन बाजूंनी भिंती. जो येईल तो म्हणायचा, सावळारामशेठ, इथे खोल्या काढा, नाहीतर गोडाऊन करा. मलाही तसंच वाटत होतं. पण पावसाळ्यात लूमच्या बोल्टांची भोकं होती ना, त्यातून हिरवं काहीतरी वर आलं. एका रांगेत, लूम होते तसंच. मी वाकून उपटायला लागलो तर मागून कोणीतरी माझा हातच धरला.

ती सखी. आपल्या दिघाशीच्या पलीकडे डोंगरात तिचा पाडा आहे. निजामपुऱ्यात रानभाजी घेऊन बसते, आणि उरलेली द्यायला आपल्याकडे येते. वय माझ्याएवढंच असेल. माझा हात धरून म्हणाली, "नको उपटू शेट. कुरडू हाय ती. मी डोंगरातून डोक्यावर आणते, तवा तुझी बायको घेते. आन तू दारातली फेकतोस?" तुझी आई दारात उभी राहून हसत होती. त्या संध्याकाळी आम्ही कोब्यातली भाजी खाल्ली. दिघाशीला माझी आई करायची, अगदी तीच चव. दिघाशी सोडून चाळीस वर्षं झाली. ती चव मी विसरलोय हेसुद्धा मी विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी घण आणि पहार काढली. आई म्हणाली, या वयात हे काय नवीन. वीस दिवस कोबा फोडत होतो. खाली माती काळी, तेलानं चिकट झालेली, वास लूमचाच. मला वाटलं आता बाग करायची, म्हणून नर्सरीतून लॉनच्या गाद्या आणल्या, रंगीत पानांची झाडं आणली. महिन्याभरात सगळं पिवळं पडलं. सखीनं बघितलं आणि म्हणाली, "पाव्हणं आणलीस. पाव्हण्याला तुझी माती कशी सोसंल? घरची माणसं आण." मग तीच आणायला लागली. आधी झाडं नाही, तिच्या बांधावरचा पालापाचोळा आणला, पोती पोती, आणि तेलकट मातीत मिसळून एक अख्खा उन्हाळा तसाच झाकून ठेवायला लावला. मला घाई. ती म्हणायची, "माती बाळंतीण हाय, तिला निजू दे." पुढच्या पावसाळ्यात कुडा आला, दिंडा, भारंगी, करवंद, रानजाई आणि हा सापसंद. सगळं तिच्या बांधावरचं. बहाव्याच्या शेंगा मी स्वतः भिवंडी-वाडा रस्त्यावरून गोळा करून आणल्या. कुंपणाच्या कोपऱ्यात एक भोकरही लावलंय.

भोकराचं नाव काढलं, तर तेही लिहून टाकतो. तू अकरावीत होतीस. चार लूम वाढवायचे म्हणून तुझं भोकर मी तोडलं. लहानपणी शाळेतून आल्यावर तू त्याच्या फळांच्या चिकानं पतंग चिकटवायचीस, तिथेच अभ्यासाला बसायचीस. तू क्लासला गेलीस ते बघून तोडलं. तू आल्यावर नुसतं दप्तर आत नेऊन ठेवलंस. मी तेव्हा मनाला सांगितलं की पोरीच्या फीसाठीच तर लूम लावतोय. खोटं नव्हतं ते. पण तुला एकदा विचारता आलं असतं. आत्ताचं हे कमरेएवढं आहे, त्याची सावली पडायला अजून सहा-सात वर्षं जातील. ते तुझं झाड नव्हे, हे मला कळतं.

आता गंमत ऐक. गेल्या महिन्यात शेजारच्या कुमारनं तक्रार केली. म्हणे, सावळारामशेठनं वस्तीत जंगल वाढवलंय, डास झालेत, साप येतील. पालिकेचा फवारणीवाला बॅटरी आणि लांब पळी घेऊन आला. मधोमध मी एक दगडी डोण पुरून ठेवली आहे, पाखरांना पाणी प्यायला. तो तिच्यात वाकून बघतो तर भाताच्या खाचरातले बारके मासे, सखीनेच आणलेले, आणि दोन बेडूक. डासाची एक अळी सापडेना. मी धास्तावून उभा होतो, उद्या सगळं काढायला लागणार म्हणून. तेवढ्यात आपली आई, जी दोन वर्षं या झाडांना "तुमची थेरं" म्हणत होती, ती पदर खोचून पुढे झाली आणि म्हणाली, "भाऊ, इथवर आलात तर पलीकडचं पिंपपण बघून जा." कुमारच्या गच्चीवरच्या पिंपात इतक्या अळ्या निघाल्या की तो बिचारा लाजून आत गेला. चार दिवसांनी स्वतःच आला. म्हणाला, "त्या पांढऱ्या फुलाचं रोप मिळेल का, वास छान येतो." मी त्याला कुडा दिला, आणि आईनं वाटीभर बारके मासे दिले. आता गल्लीतली अजून दोन घरं फरशी उखडायचं म्हणतायत. सखी आली की बायका तिला भाजीचा भाव विचारत नाहीत, कुठलं पान कशाचं ते विचारतात, आणि ती पाटी खाली ठेवून तासभर मास्तरीण होते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलोय ती. दिंड्याच्या झाडावर एका पाखरानं घर केलंय. अंगठ्याएवढं, पाठ हिरवी, शेपटी वर. दोन पानं जवळ ओढून त्यांच्या कडांना चोचीनं भोकं पाडली आणि शिवली, मेघा. खरंखुरं शिवलं. दोरा कुठला, तर पलीकडच्या लूममधून उडून येतं ते सूत. मी भिवंडीत चाळीस वर्षं कापडात काढली, पण असा टाका मी पाहिला नव्हता. दोन दिवस तिथून हललो नाही. काल सकाळी पाखरू घराच्या वर बसलं, गळा फुगवला, चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. आई आतून बाहेर आली आणि म्हणाली, "केवढंसं पाखरू आणि केवढा आवाज, कान किटले माझे." मी त्याच्यापासून चार हातांवर बसलो होतो. मला काही ऐकू आलं नाही. काहीच नाही.

सहा वर्षं झाली याला. आधी वाटलं लूमचा आवाज डोक्यात भरून राहतो तसं असेल, लूम थांबले की जाईल. लूम गेले, पण ऐकणं परत आलं नाही. लूमवरची माणसं आवाजात ओठ बघूनच बोलतात, त्यामुळे समोर माणूस असला की माझं निभतं. सखीला, कुमारला अजून पत्ता नाही. फोनवर मात्र ओठ नसतात. तू फोन करायचीस तेव्हा नुसती कुरकुर कानावर यायची, म्हणून मी "बरं, काळजी घे" म्हणून आईकडे फोन द्यायचो. पुढे पुढे घ्यायचोच नाही. व्हिडिओवर तुझा चेहरा अडकत-अडकत दिसायचा, ओठ वाचता यायचे नाहीत, म्हणून उठून जायचो. तुला सांगायचं नाही अशी शपथ आईला मीच घातली होती. बाप बहिरा झाला हे पोरीला कळू नये, एवढाच तोरा. गेल्या आठवड्यात आईनं तोंड उघडलं, तुझ्याजवळ नाही, माझ्याजवळ. मला समोर बसवून, ओठ मोठे करून सांगितलं की तू दर वेळी तिला विचारतेस, "बाबा अजून रागावलेत का? मी बेंगळुरूला आले म्हणून?" आणि म्हणूनच तीन वर्षं तू आली नाहीस. मी रागावलो नव्हतो बाळा. एक दिवससुद्धा नाही. तू काय बोलत होतीस ते मला कळत नव्हतं, एवढंच. पुढच्या सोमवारी ठाण्याला कानाच्या डॉक्टरांकडे जातोय, मशीन बसेल म्हणतात. बसेल तेव्हा बसेल. तू त्याची वाट बघू नकोस. सुट्टी काढ आणि ये. सहा वर्षांत फोनवर जे जे मला सांगितलंस, ते सगळं पहिल्यापासून, समोर बसून, सावकाश सांग.

तुझ्या तोंडाकडे बघत बसायला आतुर,
तुझाच,
बाबा