ज्याच्या खोकल्यावर सगळे वळतात

तीर्थरूप मामा,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार (इथून पोचत नाही, पण ठेवलंय असं समजा). तुमची कंबर कशी आहे? मामींचा माझ्यावरचा राग कसा आहे? सायकलच्या दुकानात माझ्या जागी कुणाला ठेवलंत का, आणि तो तुमचं ऐकतो का? ऐकत असेल तर मला जरा वाईट वाटेल. मी बरा आहे. पाय तर फारच सुखात आहेत. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचा सगळा त्रास डोक्याचा आहे.

एवढ्या लांब जाऊन मी करतो काय, असं तुम्ही विचारलंत. मामा, मी गाद्यांवर चालतो. हसू नका, याचा पगार मिळतो. गादी कापूस भरून शिवली की आत गोळे राहतात. मग कारखान्यात सगळ्या गाद्या एकमेकींना लावून जमिनीवर पसरतात, आणि आम्ही पाय धुऊन, अनवाणी, खांद्याला खांदा लावून त्यांच्यावरून जातो. तळव्याला गोळा लागला की टाचेने मोडायचा. वरच्या खिडक्यांतून ऊन येतं, त्यात कापूस तरंगत असतो, आणि दुपार झाली की पायाखाली जमीन आहे की नाही याची खात्रीच राहत नाही. वाटतं, असंच चालत भिंतीतून पलीकडे निघून जावं, कुणी हाकसुद्धा मारू नये. तुमच्याकडे पंक्चर काढताना मला सारखं पळून जावंसं वाटायचं. इथे मी दिवसभर पळूनच जात असतो, आणि संध्याकाळी त्याच हॉलमध्ये सापडतो.

तर आमचा एक मुकादम होता. उंच खुर्चीवर बसून गाद्यांवर नजर ठेवायचा. कुठे उंचवटा दिसला की टाळी, आणि आम्ही सगळे एकदम मागे वळायचो. आम्ही त्याला माघारी काय काय म्हणायचो ते पत्रात लिहिता येणार नाही (मामी वाचतात). एक दिवस मोठ्या साहेबांनी त्याला गोदामात पाठवलं आणि जाहीर केलं, आजपासून इथे कुणी कुणावर हुकूम चालवणार नाही, तुम्ही स्वतंत्र आहात. कोपऱ्यात काठ शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "म्हणजे सुट्टी का हो?" साहेब म्हणाले, नाही, काम करायचंच, पण स्वतंत्रपणे.

मामा, तो दिवस मी विसरणार नाही. कुणी तिरका चालतोय, कुणी गोल, एक जण नुसताच आडवा पडून छताकडे बघतोय. मला तर वाटलं, मी ढगांवर नोकरीला लागलो. फक्त झालं असं की मऊ लागतं म्हणून सगळे मधूनच चालले, काठाकडे कुणी फिरकलं नाही. गाद्यांच्या पराती झाल्या. बाईंनी एक उचलून बघितली आणि म्हणाल्या, "यात माणूस झोपवायचा की भिजत घालायचा?"

आमच्यात एक म्हातारा आहे. पाय उंच उचलून टाकतो म्हणून त्याला बगळा म्हणतात. तो मात्र आपला जुन्याच चालीने चालत होता. हळूहळू आम्ही त्याच्या मागोमाग चालायला लागलो. तो थांबला की आम्ही थांबायचो. तो पाणी प्यायला गेला, तर आम्हा सगळ्यांना तहान लागली. बिचारा घाबरला. "अरे, माझ्यामागे काय आहे?" म्हणाला आणि जागच्या जागी उभाच राहिला. मग आम्हीही उभे. कापूस तेवढा हलत होता. आणि त्या शांततेत, मामा, मला खोकला आला. साधा खोकला. अख्खी रांग वळली आणि चालू लागली.

तेव्हापासून माझा खोकला म्हणजे टाळी. गाद्या पुन्हा सपाट व्हायला लागल्या, साहेब खूष. पण आता मला मोकळेपणाने खोकताही येत नाही. घशात कापूस गेला तरी गिळतो. मध्ये सर्दी झाली, तर बिचारे फिरफिरून चक्कर येऊन खाली बसले आणि तरी कुणी मला शिवी दिली नाही. मुकादमाला देत होते तशी एखादी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, माझ्याकडे बघू नका रे. तर विचारतात, मग कुणाकडे बघू? बाई सुई दातात धरून म्हणाल्या, "खोकला त्याचा असेल, पण वळणं तुमचं आहे ना?" सगळ्यांना पटलं. सगळ्यांनी मान हलवली. आणि मान हलवून झाल्यावर सगळे माझ्या गळ्याकडे बघत राहिले.

सगळ्यात वाईट म्हणजे बगळा. मला रोज "पोरा, टाच सांभाळ" म्हणायचा. काल म्हणाला, "अहो, जरा सरकता का?" त्या एका अहोने माझा दिवस गेला.

आता साहेब म्हणतात, ती उंच खुर्ची तूच घे. पगार वाढेल, बूट मिळतील. म्हणजे मी वर, आणि गाद्या खाली. बाकी सर्व क्षेम.

तुमचा, अजून अनवाणी असलेला
भाचा

ता. क. मी साहेबांना सांगितलंय, मामांना विचारून सांगतो. तरी एक कडक पत्र लिहा, की खुर्चीवर बसायचं नाही, ही माझी आज्ञा आहे. आज्ञा शब्द मोठा काढा. साहेबांना मला नाही म्हणवत नाही.

ता. क. चं ता. क. पण तुम्हाला मनापासून तसं वाटत असेल तर लिहू नका. तुमचं ऐकायचं नाही म्हणून तर मी इतक्या लांब आलो. (तुम्ही मामींना विचारूनच लिहाल हे ठाऊक आहे. त्यांनाच सरळ लिहिणार होतो, पण तुम्हाला वाईट वाटलं असतं.)

शेवटचं. आज जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी गाद्यांच्या मधोमध उभा राहिलो आणि त्या खुर्चीकडे बघून म्हणून पाहिलं, हळूच, "नाही, साहेब." जमतं. तरी पत्र पाठवाच.