बाबांसाठी मागितलेली पूड

प्रिय आई,

तुला आणि बाबांना इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. बाबांचा ताप उलटला नाही ना? खरं सांग, लपवू नकोस.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुमच्या त्या ताकद वाढवणाऱ्या साखरेची चिमूटभर पूड यांना पाठव ना." आई, नाही गं पाठवता येणार. दुधाचं दही करणाऱ्या जंतूंकडून आम्ही प्रयोगशाळेत ती साखर बनवून घेतो. पोटातले चांगले जंतू तिच्यावर पोसले की शरीराला रोगाशी लढायचं बळ मिळेल, अशी आशा आहे. पण माणसांना द्यायची परवानगी अजून नाही. रागावू नकोस.

महिनाभर आमचे जंतू रुसूनच बसले होते. सोमवारी एकदाची मनासारखी साखर उतरली. टाकीचं झाकण उघडलं आणि तो आंबूस वास आला. तू लावलेल्या विरजणात मी हळूच बोट घालायची आणि बाबा मुद्दाम ओरडायचे, "अगं, मांजर आली बघ!" सगळं आठवलं आणि डोळे भरून आले.

आमच्या मॅडमनी विचारलं, "आनंदाने रडतेस की काय?"

"बाबा आजारी आहेत," मी म्हणाले. इतके दिवस इथे कुणाला सांगितलंच नव्हतं.

त्यांनी तिथल्या तिथे रजा दिली. पुढच्या आठवड्यात मी घरी येते आहे. बाबांना इतक्यात सांगू नकोस. दारातून हाक मीच मारेन.

तुझी,
धाकटी