संक्रांतीपर्यंत पिल्लं घरात

माय, अकरा पिल्लं माझ्या स्वयंपाकघरात आहेत आणि त्यांच्यावरून आमच्या घरात रोज भांडण चाललंय. पारोळ्याहून भावानं आणून दिली. कोंबडी मुंगसानं नेली, पिल्लं उरली, तर म्हणे, "ताई, तुला कळतं यातलं." मी जन्मभर शाळेत शिकवलं, मला काय कळणार! पण तुझी लेक म्हणून नाही म्हणवलं नाही. मोठ्या खोक्यात भुसा घातला, वर बल्ब टांगला. आमच्या ह्यांचं म्हणणं एकच, आता त्यांना अंगणातल्या खुराड्यात काढ. काल ह्यांच्या चहात पीस निघालं. "या घरात पिल्लं तरी राहतील नाही तर मी," म्हणाले आणि माकडटोपी घालून हॉलमध्ये जाऊन बसले. बाहेर धुळ्याची थंडी अशी, की नळाखाली हात धरला तर बोटं बधिर होतात. एवढ्याशा जिवांना बाहेर काढलं आणि ती गारठून मेली तर, याची मला धास्ती.

बाहेर काढायचं म्हटलं की गावाकडचा तो दिवस आठवतो. आत्याला बघायला दोंडाईच्याचे पाहुणे यायचे होते. मी सात-आठ वर्षांची. सकाळपासून नाचून मला घाम फुटलेला, म्हणून मला वाटलं थंडी संपली, आणि टोपलीखालची सात पिल्लं मी अंगणात सोडून दिली. थोड्या वेळानं ती एकमेकांवर ढीग करून, डोळे मिटून पडली. तू चुलीपुढून धावत आलीस, सगळी पदरात घेतलीस आणि म्हणालीस, "तुले घाम उना म्हनीसन पिल्लास्लेबी उना का व?" पाहुणे दारात आले होते म्हणून माझा मार वाचला. पिल्लं तू एका टोपलीत घालून, वर फडकं टाकून चुलीच्या उबेला ठेवलीस. शेजारी भाकरीची टोपली, तिच्यावरही तसंच फडकं. पुढचं काय सांगू! आत्या लाजत लाजत टोपली घेऊन जाते, पाहुण्यांतल्या म्हाताऱ्या आबांपुढे वाकते, फडकं उचलते, आणि आतून सात माना वर येतात. तू आतून ओरडतेस, "त्या नका खावा, आजून धाकला शेतस!" आबा इतके हसले की ठेच्याचा ठसका लागला. लग्न जमलं, पण आत्याला सासरी कायमची कोंबडी म्हणू लागले.

पाहुणे गेल्यावर तू मला जवळ बसवलंस. एक पिल्लू तळहातावर घेऊन त्याच्या पाठीवर फुंकर मारलीस. "कातडी दिसस का? मंग आजून घरमा. पिसं दिसनात का मंग बाहेर." म्हणजे पाठ पिसांनी भरली की मगच बाहेर. तेही एकदम नाही, आधी दुपारच्या उन्हात तासभर, मग रोज थोडं जास्त. इतक्या शांतपणे तू मला दुसरं काही शिकवल्याचं आठवत नाही. मला तर वर्गात ओरडल्याशिवाय कधी जमलंच नाही.

आज दुपारी मी खोकं अंगणात नेऊन ठेवलं. तासाभरानं आणायला गेले तर आत फक्त भुसा. वळून बघते तर हे ओट्यावर शाल गच्च लपेटून बसलेले, आणि शालीतून चिवचिव. "वारं सुटलं होतं," माझ्याकडे न बघता म्हणाले. मग हळूच विचारलं, "तुझी माय काय म्हणायची? कधी काढायची बाहेर?"

"संक्रांत झाल्याशिवाय अजिबात नाही," मी म्हटलं. ह्यांनी मान डोलावली आणि स्वतःच्या हातानं एकेक पिल्लू स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. म्हणून हे पत्र पाठवायचं नाही. तुला वाचता येत नाही, तिथं गावात कुणाकडून तरी वाचून घेशील आणि माझं खोटं चारचौघांत उघडं पडेल. फुंकर मी सकाळीच मारली होती, माय. अकराच्या अकरा पाठी पिसांनी भरल्यात. पण आमची लेक सासरी गेल्यापासून आम्ही दोघं एकमेकांशी एवढं बोललोच नव्हतो, आणि मला अजून थोडे दिवस हवे होते.